'रॉकेट बॉइज' : कंपनीच्या गावाचे आत्मकथन

होमर हिकम यांचे 'रॉकेट बॉइज' (१९९८) हे आत्मकथन सामान्यतः जिद्दीची यशोगाथा म्हणून वाचले जाते. वस्तुतः ती अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातील कोलवूड या कोळसाखाणीच्या गावाची शोककथाही आहे. खाण, घरे, दुकान, चर्च सारे कंपनीचेच. त्यामुळे काम गेले की छप्परही जाते. पुढे मालक झालेली ओहायोतील पोलाद कंपनी घरे विकू लागते, ती माघारीची नांदी ठरते. १९५७ मधील स्पुटनिकने भारावलेल्या मुलांची रॉकेटे मात्र कंपनीच्याच यंत्रशाळेत, कामगारांच्या हातून घडतात. हा अंतर्विरोध हेच या कृतीचे सामर्थ्य होय. 'ऑक्टोबर स्काय' (१९९९) या चित्रपटात तो पिता-पुत्र संघर्षात विरून जातो.

तथापि आत्मकथनालाही मर्यादा आहे. खाण-अधीक्षक पित्याविषयीच्या ममत्वामुळे लेखक गावाच्या ऱ्हासाकडे बव्हंशी नियती म्हणून पाहतो. दूरस्थ मालकांच्या निर्णयांची पुरेशी चिकित्सा करीत नाही. १९८६ मध्ये खाण बंद झाली. मुलाच्या मुक्तीत गावाची मुक्ती नव्हती, हे भान ठेवूनच या कृतीचे मूल्यमापन व्हावयास हवे.