पन्हाळ्याचा पोवाडा पुरा होऊ द्या

पोवाडा ऐकताना मला धरून ठेवते ती शाहिराची थांबण्याची जागा. पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्याचा पोवाडा घ्या. १६६० सालचा जुलै, धो धो पाऊस, गडावरून दोन पालख्या निघालेल्या. त्यातली एक शत्रू अडवतो. इथे जाणता शाहीर डफावरची थाप आवरतो आणि साध्या बोलण्यावर येतो. तुणतुणं तेवढं वाजत राहतं. पालखीत शिवाजी महाराजांच्या वेशात नेबापूरचा शिवा काशिद बसलेला आहे, मरण समोर आहे, हे सगळ्या मांडवाला ठाऊक असतं. तरी माझा श्वास अडकतो. मग साथीचे झीलकरी एकदम सूर उचलतात आणि अंगावर काटा येतो.

हल्ली शिवजयंतीला पन्हाळ्यावर काय, कोल्हापुरात काय, स्पीकरवर जे वाजतं त्यात ही जागाच नसते. दोन-तीन मिनिटांचा तुकडा, खाली दणदणीत ठेका, वर आरोळ्या. बाजीप्रभूंनी लढवलेली पावनखिंड त्यात टिकते, कारण ती लढाई आहे. शिवा काशिद मात्र गळतो. त्याचं शौर्य आहे गप्प बसून राहण्यात, आणि ते सांगायला कथनच लागतं.

काटछाट नवी नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे चौकच्या चौक, म्हणजे पोवाड्याचे भागच्या भाग, कापले गेले. रॉक संगीतालाही हीच चौकट होती. १९६५ मध्ये बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सहा मिनिटांचं निघालं तेव्हा ते रेडिओला लांब वाटलं, पण ऐकणाऱ्यांनी ते आख्खं मागितलं. आपण तशी मागणी करतच नाही, हे मला फार खटकतं.

कारण या कलेचा आवाका केवढा! महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा रचला तो राजाला कुळवाड्यांचा म्हणून सांगण्यासाठी. सावरकरांच्या बाजीप्रभूंवरच्या पोवाड्यावर इंग्रज सरकारने बंदी घातली. अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच घाटात स्टालिनग्राडची लढाई गायली. कोल्हापूरने पिराजीराव सरनाईकांसारखा शाहीर दिला. या सगळ्यांनी श्रोत्यांना चेतवलं तसं विचारालाही लावलं. आजचे बरेचसे नवे पोवाडे मला नुसत्या जयघोषाचे वाटतात. गळे तयार आहेत, संहिता उथळ आहे.

२०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. दर पावसाळ्यात तरुणांचे जथे इथून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. अशा मोहिमा भरवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे: निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गडावर एका शाहिराला बोलवा, त्याला योग्य बिदागी द्या आणि वेढ्याचा पोवाडा पहिल्या चौकापासून शेवटच्या चौकापर्यंत गाऊ द्या. शिवा काशिदाचा चौक वगळू नका.