तारीखी नाव आणि गालिबचा नकार

गालिबने पत्राला संभाषण केले, हे वाक्य उर्दूच्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असते. आम्हीही वर्गात तेच सांगत आलो. 'ऊद-ए-हिंदी' (१८६८) आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' (१८६९) या संग्रहांतील पत्रे वाचताना ते पटतेही. पण त्यातले एक पत्र आम्ही निव्वळ विनोदाचा नमुना म्हणून शिकवले, ही आमची चूकच झाली.

लोहारूच्या नवाब घराण्यातील अलाउद्दीन खान 'अलाई' हे गालिबच्या सासरचे नातलग आणि त्याचे शागीर्द. त्यांच्या घरी मूल जन्मले. रिवाजाप्रमाणे त्यांनी उस्तादांकडे तारीखी नाव मागितले. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते; नावातील अक्षरांची बेरीज केली की जन्माचे हिजरी वर्ष निघते. मौलाना आझाद यांचे तारीखी नाव 'फिरोज बख्त'. फे ८०, ये १०, रे २००, वाव ६, झे ७; बे २, खे ६००, ते ४००. बेरीज १३०५. जन्माची बातमी आणि नोंद, दोन्ही त्या एका नावात सामावत.

गालिबने साफ नकार दिला. तुम्ही स्वतः शायर आहात, तुम्हीच काढा, असे म्हणून त्याने कारण सांगितले: तुमच्या पहिल्या मुलाचे नाव मी काढले होते, तो जगला नाही, माझ्या नहूसतीचाच हा परिणाम असावा. पुढे पुरावाही दिला. नसिरुद्दीन हैदर आणि अमजद अली शाह एकेका कसिद्यात गेले, वाजिद अली शाहने तीन कसिदे कसेबसे सोसले!

इथे वर्ग हसतो, आम्हीही हसत असू. पण हा विनोद कोण करतो आहे? गालिबला सात अपत्ये झाली. एकही दीड वर्षापलीकडे जगले नाही. पत्नीचा भाचा आरिफ याला मुलासारखे मानले, तोही १८५२ साली ऐन तारुण्यात गेला. त्याची दोन मुले, बाकर अली आणि हुसेन अली, मग गालिबच्या घरात वाढली. अशा माणसाला नव्या बाळाच्या नावाची भीती वाटली, तर ती केवळ लेखनशैली नव्हे. नवाबांची थट्टा ही त्या भीतीवर घातलेली चादर आहे. एरवी मुबारकबादीचे पत्र दुआंनी भरलेले असते. इथे न दिलेले नाव हीच दुआ झाली आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या शिकवण्यातून सुटली. सातही मुले उमराव बेगम यांच्या कुशीत जन्मली आणि गेली. आमच्या वर्गात मात्र त्या येतात त्या पायातली बेडी म्हणून, कारण गालिबने आपल्या लग्नाला जन्मठेप म्हटले आहे. त्या विनोदावर टाळी देताना त्या घरातली आई आम्हाला दिसली नाही. मागणारा बाप आणि नकार देणारा उस्ताद या दोघांच्या पत्रव्यवहारात बाळंतिणीची खोली बंदच राहते.

गालिबच्या पत्रांत हसू आहे, ते पुसण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेत 'जराफत' एवढे एकच उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आपण अर्धेच पत्र वाचायला शिकवले, हे आपण शिक्षकांनी मान्य करायला हवे.