भिंत दिसते, पाणी दिसत नाही

बेन मास्टर्सची 'द रिव्हर अँड द वॉल' (2019) ही डॉक्युमेंटरी पाहिली नसेल तर जरूर बघा. एल पासोपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, साधारण 1,200 मैल, पाच जण सायकली, घोडे आणि होड्या घेऊन रिओ ग्रांदेच्या काठाने जातात. इथे सलग भिंत बांधली तर प्राण्यांचं, जमिनीचं, माणसांचं काय होईल, हा त्यांचा प्रश्न.

त्यांचं उत्तर पटतं. भिंत पात्रात बांधता येत नाही. ती अलीकडे, अमेरिकेच्या जमिनीवर बांधावी लागते. म्हणजे मधली शेतं आणि खुद्द नदीच भिंतीपलीकडे जाते. बिग बेंडमधून नाहीशी झालेली काळी अस्वलं 1980 च्या दशकात मेक्सिकोच्या डोंगरांतून आपणहून परत आली. भिंत असती तर? पाचांतले दोघे स्थलांतरित कुटुंबांतले आहेत. व्हिसाची तारीख पाठ असलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचं बोलणं आतपर्यंत लागतं.

मग खटकतं काय? भिंत नसली की नदी मोकळीच आहे, असं सिनेमा पाहताना वाटत राहतं. पण ती केव्हाच बांधली गेलीय. 1848 च्या तहाने ती सरहद्द झाली. नदीला मात्र तह कुठे माहीत! 1864 च्या पुरात ती एल पासोजवळ दक्षिणेला सरकली आणि मेक्सिकोची चामिझालची जमीन उत्तर काठावर आली. भांडण मिटायला 1963 उजाडलं, आणि मग नदीलाच सिमेंटच्या पाटात बसवलं.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. न्यू मेक्सिकोतलं एलिफंट ब्यूट धरण 1916 मध्ये पुरं झालं. आज एल पासोच्या खाली नदी बरीचशी कोरडी असते. प्रेसिडिओजवळ मेक्सिकोतून काँचोस नदी येऊन मिळते, तेव्हा कुठे तिच्यात जीव येतो. बिग बेंडच्या ज्या घळींवर कॅमेरा भाळतो, तिथलं बहुतेक पाणी चिवावा राज्यातलं! 1944 च्या करारानुसार काँचोसच्या पाण्यात अमेरिकेचाही वाटा आहे. सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, दुष्काळात, त्या वाट्यावरून चिवावातल्या शेतकऱ्यांनी ला बोकिया धरणाचा ताबा घेतला. कृष्णेचे लवाद ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

पलीकडचा काठ या सिनेमात बहुतेक वेळ देखावा म्हणूनच राहतो, ही माझी तक्रार. भिंत अडवली तरी अस्वलांना नदी ओलांडायला नदीत पाणी लागेल का, याचा निकाल त्याच काठावरच्या शेतांत लागतोय. सिनेमा बघा, आणि नकाशा उघडून काँचोस शोधा.