फेरफार नोंदवही आणि डेटाबेसचा माग : एक चिकित्सा

डेटाबेसच्या संदर्भातील 'ऑडिट' या संज्ञेसाठी आपल्याकडे 'लेखापरीक्षण' हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. लेखापरीक्षण व्यवहार आटोपल्यावर त्रयस्थाने करावयाचे असते. डेटाबेसचे ऑडिट म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले याची यंत्राने त्याच क्षणी ठेवलेली नोंद. तिला जवळची संज्ञा महसुली दफ्तरात पूर्वीपासून आहे : फेरफार.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावी, तिची प्रत चावडीत लावावी, हितसंबंधितांना लेखी कळवावे. हरकत आल्यास ती वेगळ्या नोंदवहीत उतरवावी. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. लिहिणारा व प्रमाणित करणारा येथे भिन्न आहेत. (चावडीवरचा कागद मुंबईतील चाकरमान्याला दिसत नाही, हा भाग वेगळा.)

आता पोस्टग्रेस या मुक्त स्रोत प्रणालीचे उदाहरण घेऊ. 'पीजीऑडिट' हा विस्तार सर्व्हर सुरू होतानाच भारित होईल अशी तरतूद करावी, सर्व्हर पुन्हा सुरू करावा, 'अल्टर सिस्टिम' या आज्ञेने 'राइट' व 'डीडीएल' हे वर्ग निवडावेत. कमांड लाइनवर चार-पाच ओळींचे काम. मात्र ही मांडणी बदलण्याचा अधिकार सर्वाधिकारी वापरकर्त्याकडेच असतो, आणि पाळत प्रथम त्याच्यावरच हवी. शिवाय उपयोजन एकाच सामायिक खात्याने जोडलेले असल्यास लॉगमध्ये त्या खात्याचेच नाव उमटते, माणसाचे नाही. आज्ञेचा मजकूर राहतो. ओळीतील जुने मूल्य राहत नाही. फेरफारात मात्र जुना धारक, नवा धारक आणि बदलाचे कारण, तिन्ही असतात.

हे कारण किती मोलाचे, ते आंबेनळी घाटाखालच्या या मुलखाला सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८०हून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीत बाप व मुलगा एकाच वेळी गेल्यास आधी कोण गेला, यावर वारसा फिरतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २१ नुसार, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, वयाने लहान व्यक्ती नंतर मृत झाली असे गृहीत धरतात. म्हणजे मुलाच्या विधवेचा वाटा त्या गृहीतकावर उभा राहतो. लॉगला यातले 'अपडेट' एवढेच कळते.

तरीही लॉग अनावश्यक ठरत नाही. फेरफाराविना परस्पर झालेला बदल नोंदवहीत दिसणारच नाही. तो लॉगमध्येच सापडेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ७अ लेखापरीक्षणाच्या तरतुदी इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना लागू करते. लॉग कोणाच्या ताब्यात असावा, याबाबत ते कलम मौन बाळगते. म्हणून पीजीऑडिटच्या जोडीला ट्रिगरने भरला जाणारा तक्ता हवा, त्यात जुने मूल्य, नवे मूल्य, प्रत्यक्ष कर्मचाऱ्याची ओळख व फेरफार क्रमांक हे रकाने हवेत, आणि लॉग व तक्ता या दोहोंची प्रत तत्क्षणी दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्याच विभागाच्या ताब्यात जावयास हवी.