पेल्यावरची सही

मार्गशीर्षात थोरल्या दिरांच्या मुलाचं रिसेप्शन बेळगावात झालं. जेवणाचा प्रश्न नव्हता, ते आमच्या पद्धतीचंच होतं. कांदा, लसूण, बटाटा काही नाही. वाद झाला तो पेयांवरून. पुतण्या म्हणाला, "काकू, दारू नको म्हटलासा, नाही ठेवली. खरं 'सिग्नेचर ड्रिंक' तरी पाहिजेच की. बेंगळूरचे मित्र येणारायत." मी होकार दिला. कार्ड छापून आलं तेव्हाही नीट वाचलं नाही, ही माझी चूक आधीच कबूल करते.

आता त्या दोन पेयांबद्दल बोलायचं, तर एखाद्या कवितेबद्दल बोलावं तसंच बोलायला हवं. तसा आधारही आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाला 'काव्यप्रकाशा'त रस म्हणजे काय हे समजवायचं होतं, तेव्हा त्यानं दाखला घेतला तो पानकाचा. पानकात गूळ असतो, मिरी असते, आंबट असतं. पण पिणाऱ्याला ते सुटं सुटं लागत नाही, सगळं मिळून एक चव होते. बी.ए.ला हे पाठ केलं होतं. पुढे तीस वर्षं स्वयंपाकघरात घालवल्यावर ते कळलं.

या मापानं पहिलं पेय बघू. नवऱ्या मुलाचं, नाव 'बेळगाव सनसेट'. संत्र्याचा रस आणि तळाशी डाळिंबाचं लाल सरबत. दिसायला फार सुरेख. पण वरचा घोट संत्र्याचा, खालचा नुसत्या साखरेचा. दोन्ही शेवटपर्यंत एकमेकांना भेटलेच नाहीत. शिवाय त्यात बेळगावचं काय होतं? नाव बदललं असतं तर ते हुबळीतही चाललं असतं आणि दुबईतही.

दुसरं नवरीचं, 'मधुचंद्र'. लिंबू, सोडा, अंजीर आणि मध. चवीला हे खरोखर चांगलं होतं असं पाहुणे म्हणाले, आणि करणाऱ्या मुलाचा हातही मापात होता. पण मद्य, मांस आणि मधु हे तीन 'म' आमच्याकडे मूलगुणांतच वर्ज्य. अंजीर तर उंबराच्या कुळातलं, पाच उदुंबर फळांच्या त्यागात तेही येतं. म्हणजे दारू काढली आणि तिच्या जागी दुसरा 'म' आणून ठेवला! नाव घरच्या सुनेचं आणि पेला असा, की घरातली निम्मी माणसं त्याला हात लावू शकत नाहीत.

यात त्या मुलाचा दोष कमी, आमचा जास्त. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. पण दोष एका पेल्यापुरता नाही, तो कल्पनेतच आहे. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रानं कॉकटेलची व्याख्या छापली होती : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्यातलं मद्य काढलं की जे उरतं त्याला आपण मॉकटेल म्हणतो. मोहितोतली रम काढली की उरतं पुदिन्याचं लिंबू-सोडा. ते वाईट नाही. पण त्याची ओळखच 'काहीतरी काढून घेतलेलं' अशी होते, आणि पिणाऱ्यालाही वाटत राहतं की खरी मजा दुसरीकडे कुठेतरी चालली आहे. पानकातून काहीच काढलेलं नसतं. ते मुळातच पुरं आहे.

आणि हा वारसा काही परका नाही. इ.स. 1508 च्या सुमारास तिसऱ्या मंगरसानं कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' लिहिलं. हा कवी जैन, आणि त्याच्या ग्रंथात पानकांचं वेगळं प्रकरण आहे. आम्ही घरी मराठी बोलणारे, बाजारात कन्नड बोलणारे. दोन्हीकडून हे आमचंच. पण आम्ही काय केलं? लग्नात पाकिटातल्या भुकटीचं पिवळं पाणी वाटलं. मग पोरांना बार-काउंटर झगमगीत वाटलं तर त्यांना नावं ठेवायचा आम्हाला काय अधिकार?

सगळ्यात मोठी खोट मात्र चवीची नव्हती, वेळेची होती. सूर्य मावळला सहाच्या सुमारास, पेये आली साडेसातला. माझ्या सासूबाई चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. पहिल्या रांगेत, नातवाच्या समोर, दोन तास रिकाम्या हातांनी बसल्या. आणि कार्डावर लिहिलेलं काय, तर 'सनसेट'! त्या हसल्या, म्हणाल्या, "असू दे गं, पोरांची हौस." मला मात्र ते नाव अजून बोचतं.

वैशाखात निपाणीला पुतणीचं लग्न होतं. यावेळी पेय आम्ही ठरवलं आणि पुतण्यानंच हौसेनं मापं काढली. माणसं 200, दरडोई 150 मिली, म्हणजे 30 लिटर. पाऊण किलो आमसुलं गाळलेल्या पाण्यात चार तास भिजवून कुस्करली, तीन किलो गूळ विरघळवून पुन्हा गाळला, 60 ग्रॅम सुंठ, 30 ग्रॅम वेलदोडा, चवीला सैंधव. ओलं आलं नाही, ते कंद. सुंठ आमच्याकडे चालते. बर्फही नाही, भांडी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. कोकण घाटाखालचं, गूळ आमच्या उसाचा. म्हणून ते निपाणीचं, वेगळं सांगायला लागलं नाही. आणि वाटलं दुपारी चारला.

पुतण्याचे दोन मित्र पुन्हा आले होते. एकानं विचारलं, "यात काय काय आहे?" त्याला सुटं काही ओळखता आलं नव्हतं. मम्मट पास, म्हटलं मनात.

'सिग्नेचर' म्हणजे सही. कागदावर घरातल्या एकाची सही राहिली की व्यवहार अपुरा राहतो, तसंच पेल्याचं. त्या दिवशी सासूबाईंनी अर्धा पेला घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, "गूळ थोडा जास्त पडलाय."

पडला होता खरा. पुढच्या वेळी अडीच किलो.