'द' कुठे लावायचा?
थीसिसचा चॅप्टर व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. 'डिस्कस अबाउट' त्याने बरोबर पकडलं. आपण 'विषयी' चर्चा करतो ना, म्हणून तो 'अबाउट' चिकटतोच. पण संभाजीनगरात खाम नदीकाठच्या विहिरींचं पाणी घेतलं, त्या वाक्यात त्याने 'वेल्स'च्या आधी 'द' घातला आणि मी न वाचताच ॲक्सेप्ट केलं. अर्थ झाला, काठावरच्या सगळ्या विहिरी. मी घेतल्या होत्या 12! मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला खटकत नाही. आणि मी किती विहिरींवर गेले, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? रिव्ह्यूअर मात्र नेमकं तेच विचारेल. आता तिथे सरळ 'ट्वेल्व्ह वेल्स' लिहिलंय.