फेरपालट : नशेचं एक जुनं गणित

सोरेन किर्केगार्दच्या 'आयदर/ऑर' (१८४३) या ग्रंथात एक खट्याळ निबंध आहे. त्याचं शीर्षक शेतीतून घेतलेलं आहे : पिकांची फेरपालट. निबंध लिहिणारा, म्हणजे किर्केगार्दनं उभं केलेलं सुखलोलुप पात्र, म्हणतो की सगळ्या पापांचं मूळ कंटाळा आहे आणि कंटाळ्यावर उपाय म्हणजे फेरपालट. खेड्याचा कंटाळा आला की शहरात जायचं, देशाचा आला की परदेशात. चिनीमातीच्या ताटाचा आला की चांदीचं ताट, मग सोन्याचं. पण ही ढोबळ फेरपालट त्याला स्वतःलाच मान्य नाही. तिला शेवट नसतो, ती स्वतःलाच खाऊन टाकते, असं त्याचं म्हणणं.

हा निबंध अमली पदार्थांबद्दल नाही. तरी नशा करणाऱ्यांमध्ये पिढ्यानपिढ्या फिरत आलेलं एक गणित तो जितकं नेमकं पकडतो तितकं दुसरं काही पकडत नाही. गणित असं : एकच पदार्थ रोज घेतला तर शरीराला त्याची सवय होते, मात्रा वाढवावी लागते आणि माणूस अडकतो. मग एकच का घ्यावा? आज हा, चार दिवसांनी तो, पुढच्या आठवड्यात तिसरा. प्रत्येकाला पुरेशी विश्रांती द्यायची. शरीर कुणालाच सरावणार नाही, नशा ताजी राहील आणि व्यसन लागणार नाही. मूर्ख माणूस व्यसनी होतो, हुशार माणूस वेळापत्रक पाळतो.

या हुशारीचा इतिहास साहित्यात चांगला नोंदला गेला आहे. ज्यांनी तो नोंदवला ते बहुतेक स्वतः हुशार होते, काही तर डॉक्टर होते. म्हणून हे गणित तपासायचं तर त्यांच्या पानांवर तपासणं बरं.

सुरुवात अर्थातच टॉमस डी क्विन्सीपासून. 'कन्फेशन्स ऑफ अ‍ॅन इंग्लिश ओपियम-ईटर' १८२१मध्ये 'लंडन मॅगझीन'मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक झालं. डी क्विन्सीनं पहिल्यांदा अफू घेतली ती १८०४मध्ये, चेहऱ्यातल्या असह्य दुखण्यावर उतारा म्हणून. ती त्यानं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या औषधवाल्याकडून लॉडनमच्या, म्हणजे अफूच्या मद्यार्काच्या रूपात आणली होती. त्यानंतरची जवळजवळ आठ वर्षं हा पुस्तकातला सगळ्यात फसवा भाग आहे. या काळात तो अफू ठरवून घेत असे. तीन आठवड्यांतून एकदा, शक्यतो मंगळवारी किंवा शनिवारी, कारण त्या रात्री ऑपेरात ग्रासिनी गाणार असे. अफू, संगीत, शनिवारच्या रात्री बाजारात हिंडणारे गरीब लोक, हे सगळं त्यानं इतक्या ममतेनं लिहिलं आहे की वाचकाला वाटावं, अफू अशीच घ्यायची असते, सणासारखी.

मग १८१३ येतं. पोटाचं जुनं दुखणं उलटतं. त्यामागे मनाचा आघातही होता, हे तो सूचित करतो. आदल्या वर्षी वर्डस्वर्थची छोटी मुलगी कॅथरीन गेली होती आणि डी क्विन्सीला तिचा फार लळा होता. या वर्षापासून अफू रोजची होते. पुढे त्याचा रोजचा आकडा आठ हजार थेंबांपर्यंत जातो.

इथे समीक्षकानं एक प्रश्न विचारायला हवा. आठ वर्षं पाळलेलं वेळापत्रक कशामुळे मोडलं? डी क्विन्सीचं उत्तर : दुखण्यामुळे. पण ते उत्तर अर्धंच आहे. वेळापत्रकानं त्या आठ वर्षांत त्याला अफूपासून दूर ठेवलं नव्हतं. अफू हे आपल्या जवळचं, ओळखीचं, भरवशाचं औषध आहे हे त्यानं त्याच काळात शिकून घेतलं होतं. दुःख आलं तेव्हा हात कुठे जायचा हे आधीच ठरलेलं होतं. चांगल्या दिवसांसाठी केलेला नियम वाईट दिवशी टिकला नाही. असे नियम बहुधा वाईट दिवसाची कल्पना करूनच केलेले नसतात.

पुस्तकाच्या शेवटी त्यानं आपण अफूवर मात केल्याचा सूर लावला. १८२२च्या पुरवणीत तो मागे घ्यावा लागला. १८५६मध्ये त्यानं पुस्तक वाढवून पुन्हा काढलं, तेव्हाही अफू सुटलेली नव्हती. हिशेब ठेवणारा आणि खर्च करणारा एकच माणूस असला की वही जुळतच राहते.

डी क्विन्सीचं वेळापत्रक एका पदार्थाचं होतं. दोन पदार्थांची फेरपालट पाहायची तर शेरलॉक होम्सकडे जावं लागतं. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) या कादंबरीची सुरुवातच होम्स सुई टोचून घेतो तिथे होते. वॉटसन त्याला विचारतो की आज काय आहे, मॉर्फीन की कोकेन. हा प्रश्न आपण भराभर ओलांडून जातो, पण तो नीट ऐकावा. विचारणारा डॉक्टर आहे, आणि पदार्थ दोन आहेत हे त्यानं गृहीत धरलं आहे. होम्स उत्तर देतो : कोकेन, सात टक्क्यांचं. बुद्धीला काम नसलं की कंटाळा येतो म्हणून, हे त्याचं समर्थन. किर्केगार्दचं पात्र हेच बोललं असतं.

आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होता, आणि त्याला हे प्रकरण पुढे हलकं वाटलं नसावं. १८९१च्या 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप' या कथेत आयझा व्हिटनी नावाचा एक उद्ध्वस्त माणूस येतो. त्याला अफूची सवय कशी लागली? कॉलेजात असताना डी क्विन्सीचं स्वप्नवर्णन वाचलं आणि तसंच अनुभवायचं म्हणून तंबाखू लॉडनममध्ये भिजवून ओढली. साहित्यानं साहित्यावर ठेवलेला इतका थेट आरोप क्वचित सापडतो. आणि १९०४च्या एका कथेत वॉटसन सांगतो की होम्सला त्यानं हळूहळू या सवयीतून सोडवलं, पण तो राक्षस मेलेला नाही, झोपला आहे. आज ज्याला आपण व्यसनमुक्तीनंतरची दीर्घकाळची जोखीम म्हणतो, ती हीच.

होम्सच्या दोन पदार्थांमागे त्या काळातलं खरंखुरं वैद्यकीय मत होतं. १८८४मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडनं कोकाबद्दल एक उत्साही निबंध लिहिला. त्याचा मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइशल-मार्क्सोव्ह हा नावाजलेला शरीरशास्त्रज्ञ होता. शवविच्छेदन करताना झालेल्या जंतुसंसर्गात त्याचा अंगठा कापावा लागला होता आणि चेतातंतूंच्या वेदनेवर तो मॉर्फीन घेत होता. फ्रॉइडनं सुचवलं : मॉर्फीनच्या जागी कोकेन. काही दिवस चमत्कार झाल्यासारखं वाटलं. मग फ्लाइशल कोकेनच्या प्रचंड मात्रा घेऊ लागला आणि मॉर्फीनकडेही परतला. आता त्याच्याकडे दोन्ही होती. त्याला कातडीवर किडे आणि साप सरपटताना दिसू लागले. १८९१मध्ये तो गेला. एर्लेनमायर या डॉक्टरानं दारू आणि अफूनंतर कोकेनला मानवजातीवरचं तिसरं संकट म्हटलं. फ्रॉइडनं १८८७मध्ये उत्तर दिलं की कोकेनचं व्यसन मॉर्फीनला आधीच सरावलेल्यांनाच लागतं. म्हणजे दोष पदार्थाचा नाही, माणसाचा. हा बचावही आज तसाच ऐकू येतो.

हे सगळं एका जागी, निर्दयपणे, मिखाइल बुल्गाकोव्हच्या 'मॉर्फीन' (१९२७) या कथेत येतं. बुल्गाकोव्ह १९१७मध्ये रशियातल्या खेड्यात डॉक्टर असताना स्वतः मॉर्फीनमध्ये अडकला होता आणि बाहेर आला होता. ही कथा आधी डॉक्टरांच्याच एका नियतकालिकात छापली गेली. कथेतला तरुण डॉक्टर पोल्याकोव्ह रात्री पोट दुखतं म्हणून एक इंजेक्शन घेतो. मग रोजनिशी सुरू होते : तारखा, टक्के, सुया. मध्येच तो कोकेन करून पाहतो. क्षणभर स्वर्ग, आणि लगेच काळोख. पुन्हा मॉर्फीन. मॉस्कोच्या दवाखान्यात उपचाराला जातो आणि तिथूनच मॉर्फीन चोरतो. शेवट पिस्तुलानं होतो.

माझ्या मते या विषयावरचं हे सगळ्यात प्रामाणिक लेखन आहे. डी क्विन्सीच्या गद्यात नशेचं वैभव आहे. पोल्याकोव्हच्या रोजनिशीत वाक्यं आखूड होत जातात, समर्थनं लांबत जातात. तो डॉक्टर आहे, त्याला सगळं माहीत आहे, आणि नेमक्या याच माहितीतून तो आपल्याला सूट देणारी कारणं शोधतो. ज्ञान संरक्षण देत नाही. ज्ञानामुळे फसवणूक अधिक सुबक होते, एवढंच.

आता साहित्य बाजूला ठेवून गणितच पाहू. फेरपालटीची कल्पना चार ठिकाणी चुकते.

एक, पदार्थांची नावं वेगळी असली तरी शरीरातले दरवाजे तेवढे वेगळे नसतात. मॉर्फीन, हेरॉइन आणि वेदनाशामक ओपिऑइड गोळ्या एकाच ग्राहीवर काम करतात. दारू आणि डायझेपामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या यांचाही मुख्य दरवाजा सामाईक आहे. एलएसडी आणि मॅजिक मशरूम यांचंही तेच. एकाचा सराव दुसऱ्याला लागू होतो. अशी फेरपालट म्हणजे ज्वारीनंतर पुन्हा ज्वारीच पेरणं, फक्त वाण दुसरं.

दोन, सराव सगळीकडे सारखा होत नाही. ओपिऑइडमध्ये सुखाची धार लवकर बोथट होते. श्वास मंदावण्याचा परिणाम मात्र त्या वेगानं बोथट होत नाही. म्हणून सुख मिळवण्यासाठी वाढवलेली मात्रा श्वास थांबण्याच्या जवळ सरकत जाते. उलट, खंड पडला की सराव उतरतो. ज्याला वेळापत्रक 'विश्रांती' म्हणतं, तिच्यानंतर जुनी मात्रा नव्या शरीरात पडते. तुरुंगातून किंवा उपचारातून बाहेर आलेल्यांचे मृत्यू पहिल्या काही आठवड्यांत जास्त होतात, त्याचं कारण हेच. शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये उंदरांवर दाखवलं की सराव जागेशीही बांधलेला असतो : ओळखीच्या ठिकाणी झेपणारी हेरॉइनची मात्रा अनोळखी ठिकाणी मारू शकते.

तीन, शरीर कॅलेंडर वाचत नाही. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे अंश कित्येक दिवस रेंगाळतात. शनिवारी घेतलेलं मंगळवारी उरलेलं असतं, आणि मंगळवारचं त्यावर पडतं. श्वास मंदावणारे दोन पदार्थ एकत्र आले की धोका बेरजेपुरता राहत नाही. दारू आणि कोकेन एकत्र आले तर यकृतात कोकाएथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो, आणि तो कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतो. शिवाय रस्त्यावरच्या मालात काय मिसळलं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. जितके पदार्थ, तितके अनोळखी विक्रेते.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्यसन म्हणजे फक्त पदार्थाचा सराव नव्हे. पदार्थ वेगवेगळ्या मार्गांनी जातात, पण दी कियारा आणि इंपेरातो या संशोधकांनी १९८८मध्ये दाखवलं की त्यातले बरेचसे मेंदूच्या एकाच भागात डोपामाइन वाढवतात. मेंदू जे शिकतो ते 'अफू' किंवा 'कोकेन' नव्हे. 'जसं आहे तसं सहन करायचं नाही' हे तो शिकतो. फेरपालटीत प्रत्येक पदार्थाला सुट्टी मिळते. माणसाला मिळत नाही. सोमवार ते रविवार सात वेगळ्या गोष्टी घेणारा माणूस अभिमानानं सांगू शकतो की मी कशाचाही व्यसनी नाही, आणि तरी आठवड्यातला एकही दिवस त्याला कशाशिवाय काढता येत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. काही लोक वर्षानुवर्षं क्वचित नशा करतात आणि अडकत नाहीत, हे खरं आहे. नॉर्मन झिनबर्गच्या 'ड्रग, सेट, अँड सेटिंग' (१९८४) या पुस्तकात अशा लोकांचा गंभीर अभ्यास आहे, आणि त्यांनी नियम पाळले होते असंच तो सांगतो. मग नियम निरुपयोगी कसे? फरक नियमाच्या हेतूत आहे. झिनबर्गच्या लोकांचे नियम नशेला काम, घर, नाती यांच्या खाली ठेवण्यासाठी होते, आणि ते नियम एकट्यानं केलेले नव्हते, आसपासच्या माणसांनी घडवलेले होते. फेरपालटीचा नियम नशेचं एकूण माप तेच ठेवून तिची किंमत चुकवण्यासाठी असतो, आणि त्याचा लेखापाल एकटाच असतो. पहिला नियम आयुष्याची बाजू घेतो, दुसरा नशेची.

मराठीत या विषयाकडे पाहण्याची परंपरा वेगळी आहे. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नं मोजणीतली लबाडी नावातच पकडली : एकच. तो 'एकच' कधीच एक राहत नाही. अनिल अवचटांनी 'गर्द'मध्ये ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना गाठलं, आणि त्यातूनच १९८६मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. या लेखनात पतन आहे, करुणा आहे, उपचार आहे. पण आज शिकलेल्या, नोकरी सांभाळणाऱ्या, गूगलवर वाचून ग्रॅम-मिलिग्रॅमचा तक्ता करणाऱ्या मुलाचं चित्रण आपल्याकडे फारसं नाही. तो सुधाकर नाही, गर्दुल्लाही नाही. तो स्वतःला दोघांपेक्षा शहाणा समजतो. त्याच्याशी बोलायचं तर पतनाची गोष्ट उपयोगाची नाही, कारण आपण पडलेलो नाही हे तो तक्ता दाखवून सिद्ध करेल. त्याच्याशी त्याच्या तक्त्याबद्दलच बोलावं लागेल.

आणि बोलताना एक व्यावहारिक गोष्टही सांगावी लागेल. तक्ता एका रात्रीत फाडून टाकणं हा नेहमी शहाणपणा नसतो. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. थांबायचं ते डॉक्टरच्या मदतीनं.

व्यसनमुक्तीच्या गटांकडेही एक वेळापत्रक असतं, पण ते फार छोटं असतं : आजचा दिवस. त्यात पुढच्या शनिवारची तरतूद नसते, आणि वही एकट्याकडे नसते. रोज कुणातरी दुसऱ्यासमोर बसून सांगावं लागतं. डी क्विन्सी, फ्लाइशल, पोल्याकोव्ह यांच्याकडे बुद्धी होती, शास्त्र होतं, शिस्तही होती. त्यांच्या हिशेबाची वही उघडून 'हे चुकतंय' म्हणणारं माणूस मात्र त्यांनी वहीपाशी फिरकू दिलं नाही.